अब्रुनुकसानी: कायदा नेमकं काय विचारतो?

"अब्रुनुकसानीचा दावा ठोकीन" हे वाक्य मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये सर्रास ऐकू येतं. रिपेअर फंडाचा हिशेब विचारला की कमिटीवरचं कुणीतरी म्हणतं, पार्किंगवरून जुंपली की शेजारी म्हणतो. ऐकणारा एक तर घाबरून गप्प बसतो, नाहीतर "खरं बोलायला भीती कसली?" म्हणत आणखी चार शब्द बोलून जातो. लोकांना अर्ज-तक्रारी लिहून देताना मला हे दोन्ही गैरसमज वारंवार भेटतात. हिशेब मागितल्याने कुणाची अब्रू जात नाही. आणि गोष्ट खरी असली म्हणजे ती कुठेही, कशीही सांगायला आपण मोकळे, असंही कायदा मानत नाही. तो तीन गोष्टी तपासतो: तुम्ही कुणाला सांगितलंत, कशासाठी सांगितलंत आणि सांगण्याआधी खातरजमा किती केलीत. हे तीन प्रश्न नीट समजले की या विषयातला बराचसा गुंता सुटतो.

आधी कलम कुठलं ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अब्रुनुकसानीची जुनी ४९९ आणि ५०० ही कलमं आता ३५६ या एका कलमात आली आहेत. मजकूर जवळपास तोच राहिला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि नव्याने भर पडलेला पर्याय म्हणजे समाजसेवा.

कायद्याच्या लेखी अब्रू ही दुसऱ्यांच्या नजरेत असते. तुम्हाला एकट्याला गाठून कुणी काहीबाही बोललं, तर मनाला कितीही लागलं तरी ती अब्रुनुकसानी होत नाही. अपमानासाठी वेगळी कलमं आहेत. इथे तिसऱ्या माणसाच्या कानावर किंवा डोळ्यांसमोर ते जावं लागतं. पाटणा उच्च न्यायालयापुढे १९५८ मध्ये एक प्रकरण आलं होतं. एकाने दुसऱ्याला उर्दू लिपीत बदनामीकारक पत्र पाठवलं. ज्याला पाठवलं त्याला उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि चार लोकांना कळलं. त्याला उर्दू वाचता येत नाही हे पाठवणाऱ्याला आधीपासून माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, म्हणून त्याच्यावर जबाबदारी आली नाही. यावरून लक्षात येईल की खासगी मेसेज आणि ग्रुपवरचा मेसेज यांत कायद्याच्या दृष्टीने केवढं अंतर आहे. मजकूर अक्षरशः तोच असला तरी.

नजरेतून उतरणं म्हणजे काय, हेही कलमातच सांगितलं आहे. नैतिक किंवा बौद्धिक योग्यतेबद्दल लोकांचं मत खाली यावं, जात किंवा धंदा-व्यवसाय यांच्या संदर्भात मान कमी व्हावा, बाजारातली पत घसरावी, किंवा शरीराला काही किळसवाणा विकार आहे असं लोकांना वाटावं. मृत व्यक्तीबद्दल लिहिलेलंही यात येऊ शकतं, जर कुटुंबाच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. कंपनी, संस्था, लोकांचा ठरावीक गट यांनाही अब्रू असते असं कायदा धरतो.

उपरोधाची पळवाटही बंद केलेली आहे. त्यासाठी कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण फार बोलकं आहे: एक जण म्हणतो, अमुक हा प्रामाणिक माणूस आहे, त्याने तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही. आणि ऐकणाऱ्याला चोरी त्यानेच केली असं वाटावं हाच हेतू असतो. शब्दांत स्तुती आहे, पण ही अब्रुनुकसानीच. "आमचे खजिनदार फार सज्जन हो, पेंटरकडून एक रुपया घेतला नाही त्यांनी" असं लिहून पुढे हसणारे चार चेहरे टाकले, तरी वेगळं काही होत नाही.

आता एक मेसेज जवळून पाहू. समजा, गोरेगावातल्या एखाद्या सोसायटीत इमारतीला बाहेरून रंग दिला आणि नंतर ग्रुपवर हे आलं:

"सेक्रेटरीने रंगकामात मलई खाल्ली. कंत्राटदार त्याचा साडू आहे. आपला पैसा याच्या गावच्या बंगल्यात गेला. सगळीकडे पाठवा."

छोटी छोटी चार वाक्यं, पण चौघांचं वजन वेगवेगळं. कंत्राटदार साडू आहे, ही तपासता येण्याजोगी माहिती आहे. खरी असेल तर सभासदांना ती कळण्याचा हक्क आहे. मलई खाल्ली हा थेट अप्रामाणिकपणाचा आरोप आहे. त्यामागे कागद नसेल तर लिहिणाऱ्याची अडचण इथून सुरू होते. बंगल्याची गोष्ट निव्वळ अंदाज आहे, आणि रागाच्या भरात अंदाज हाच पुरावा वाटू लागतो. सगळ्यांत जास्त नुकसान शेवटचं वाक्य करतं. रंगकामाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही त्या नातेवाइकांपर्यंत, ऑफिसातल्या लोकांपर्यंत ही गोष्ट पोचवायची, याला सभासदाच्या हिताचं नाव देता येत नाही.

तीच शंका अशीही मांडता येते: "रंगकामाचं कंत्राट सेक्रेटरींच्या साडूंच्या फर्मला दिलं आहे. इतर कोटेशन मागवली होती का, हे इतिवृत्तात दिसत नाही. बिलं आणि कोटेशन सभासदांना दाखवावीत." यात कुणाला चोर म्हटलेलं नाही. पण उत्तर देणं मात्र समोरच्याला भाग आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला संस्थेचे कागद पाहता येतात. कागदांत काही खटकलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. आणि तिथे, योग्य अधिकाऱ्यापुढे, सद्भावाने केलेला आरोप ही अब्रुनुकसानी होत नाही, असं कायदा स्पष्टपणे म्हणतो.

असे एकूण दहा अपवाद आहेत. सगळे इथे मांडत बसत नाही. सरकारी अधिकाऱ्याच्या कामावर सद्भावाने केलेली टीका, सार्वजनिक प्रश्नात कुणी काय भूमिका घेतली यावरचं मत, कोर्टातल्या कामकाजाचा खरा वृत्तान्त, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी दिलेली माहिती, भल्यासाठी दिलेली सावधगिरीची सूचना, हे सगळं त्यांत येतं. लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीबद्दलचं मतही. शिवाजी मंदिरात नाटक पाहून आलात आणि "दुसरा अंक रटाळ आहे, नायकाला पाठांतर नव्हतं" असं लिहिलंत, तर काही बिघडत नाही. मत प्रयोगाबद्दलचं आहे आणि प्रयोग लोकांनी पाहावा, त्यावर बोलावं म्हणूनच लावलेला असतो. "नायक दारू पिऊन उभा होता" असं लिहिलंत की ते मत राहिलं नाही, तो माणसावरचा आरोप झाला.

सर्वांत जास्त घोळ होतो तो खरेपणाबद्दल. दिवाणी दाव्यात, म्हणजे नुकसानभरपाई मागितली असेल तर, गोष्ट खरी असणं हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत तेवढं पुरत नाही. तिथे ती खरी हवी आणि शिवाय ती जाहीर करण्यात लोकहित हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला टीबी झाला आहे, समोरच्यांच्या मुलीचा घटस्फोट चालू आहे, अमक्याच्या दारात वसुलीवाले येतात, यातलं सगळं खरं असेल. पण ते ग्रुपवर टाकण्यात लोकांचं कोणतं हित आहे? मला ही अट अतिशय माणुसकीची वाटते. चाळीत काय, टॉवरमध्ये काय, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना एकमेकांचं बरंच काही ठाऊक असतं. ठाऊक असणं वेगळं आणि चव्हाट्यावर मांडणं वेगळं, एवढी रेघ कायद्याने आखली आहे.

खरेपणाच्या जोरावर उभा राहिलेला एक मोठा खटला याच शहरात झाला. ऑक्टोबर १८६० मध्ये करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या आपल्या गुजराती वर्तमानपत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, लेख लिहिला. भक्त स्त्रियांशी महाराजांचं वर्तन अनैतिक आहे, असा त्यातला आरोप होता. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. त्या काळचे ५०,०००! भाटिया समाजातल्या काही प्रमुखांनी आपल्या माणसांनी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून कट केला. त्याचा वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे मुख्य सुनावणी सुरू झाली. आजचं उच्च न्यायालय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं होतं. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज ज्यांचं नाव आहे तेच. महाराजांच्या आजाराबद्दल आपल्याला डॉक्टर म्हणून जे ठाऊक होतं ते त्यांनी शपथेवर सांगितलं. २२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले आणि खर्चापोटी त्यांना ११,५०० रुपये मंजूर झाले. नीतीच्या दृष्टीने जे गैर, ते धर्माच्या दृष्टीने योग्य ठरू शकत नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांचं वाक्य त्या निकालपत्रातलं. आरोप खरा होता, तो सिद्ध करायला माणसं उभी राहिली आणि तो जाहीर करण्यात लोकांचं हित होतं. तिन्ही गोष्टी जुळल्या.

वीस वर्षांनी मुंबईतच उलटं घडलं, आणि ते आपल्याला अधिक जवळचं आहे. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे लेख दोन्ही वर्तमानपत्रांत आले. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांची म्हणून दाखवलेली ती पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी मुंबईत खटला भरला. संपादक आगरकर आणि टिळक दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. १७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले आणि लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

या दोघांच्या हेतूबद्दल आज कुणी शंका घेणार नाही. एका तरुण राजाचे हाल होत आहेत असं मनापासून वाटलं म्हणून त्यांनी लिहिलं. तरीही कायद्यापुढे ते टिकलं नाही. कायद्यातला 'सद्भाव' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. मन स्वच्छ असणं एवढाच त्याचा अर्थ नाही. योग्य ती काळजी आणि दक्षता न घेता केलेली गोष्ट सद्भावाने केली असं म्हणताच येत नाही, अशी त्याची व्याख्याच दिलेली आहे. हातात आलेला कागद खरा आहे का, हे तपासणं हा सद्भावाचाच भाग. टिळक-आगरकरांसारख्या बुद्धिमान माणसांना बनावट पत्रांनी डोंगरी दाखवली, तर आपल्या फोनवर सकाळी सातला आलेल्या मजकुराची काय खात्री द्यावी?

म्हणून 'फॉरवर्ड ॲज रिसीव्ड' या शब्दांचं कवच फार पातळ आहे. "मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं" हे उत्तर न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. बदनामीकारक मजकूर पुन्हा पसरवणं म्हणजे तो पुन्हा प्रसिद्ध करणंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी पोस्ट रीट्वीट करणंही अब्रुनुकसानीत येऊ शकतं असं म्हटलं. ग्रुप ॲडमिनना मात्र विनाकारण धास्ती असते. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

ज्या प्रकाराचं मला सगळ्यांत वाईट वाटतं त्याकडे येतो. मालाड-कांदिवलीच्या टॉवरमध्ये चार घरची कामं करणारी एखादी बाई. एका घरातली अंगठी सापडत नाही. तासाभरात तिचा फोटो ग्रुपवर येतो, खाली "चोर आहे, कुणी कामाला ठेवू नका". दुसऱ्या दिवशी वॉचमन तिला गेटवर अडवतो, कारण गेटवरच्या नोंदीच्या ॲपमध्ये तिचं नाव बंद केलेलं असतं. उरलेली तीन कामंही गेली. शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये फोटो फिरला की त्या भागात तिला कामच मिळत नाही. अंगठी पुढे गादीखाली सापडली तर तसं कळवणारा मेसेज, आला तर, पहिल्या मेसेजइतका फिरत नाही. मोठ्या माणसाची बदनामी झाली तर त्याच्याकडे वकील असतो, बोलायला माणसं असतात. हिच्याकडे 'विश्वासाची बाई' एवढीच पुंजी होती, आणि तिच्यावर घर चालत होतं.

अंगठी हरवलेल्या घराने काय करायचं, हेही कायद्यात आहे. पोलिसांकडे जाऊन, संशय कुणावर आणि का, हे प्रामाणिकपणे सांगता येतं. तो योग्य अधिकाऱ्यापुढचा आरोप झाला. शेजारणीने "हिला ठेवू का?" असं आपणहून विचारलं तर तिला आपला खरा अनुभव सांगता येतो. यासाठी कायद्यात दुकानदाराचं उदाहरण आहे. तो आपल्या धंद्याचं काम पाहणाऱ्या माणसाला सांगतो की अमक्याला रोख पैसे घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीचा मला भरवसा वाटत नाही. हे त्याने सद्भावाने, स्वतःच्या हितासाठी सांगितलं तर गुन्हा नाही. कारण ज्याला कळणं गरजेचं होतं त्यालाच सांगितलं. पाटी करून दुकानाबाहेर लावली नाही.

या बाईला दाद मागायची असेल तर पहिला अनुभव बहुधा पोलीस ठाण्यात येतो. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात आणि "कोर्टात जा" म्हणतात. ही टाळाटाळ वाटते, पण अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ए कलमाखाली पोस्टवरून थेट अटका व्हायच्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना झालेली अटक अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१५ मध्ये रद्द केलं. फौजदारी अब्रुनुकसानी मात्र २०१६ मध्ये वैध ठरवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. एका वाक्यासाठी तुरुंग असावा का, याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या हातात हे कलम टीकाकाराला हेलपाटे घालायला लावण्याचं साधन होतं, आणि शिक्षेपेक्षा त्या तारखाच माणसाला थकवतात.

फौजदारी तक्रार बदनामी झालेल्या व्यक्तीलाच मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते, तीन वर्षांच्या आत. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानुसार, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, अशा तक्रारीची दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. दोघांत तडजोड होऊ शकते. माफीनामा लिहून, तो त्याच ग्रुपवर टाकून प्रकरण मिटवता येतं. भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात किंवा रक्कम फार मोठी असेल तर उच्च न्यायालयात. मागाल त्या रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी येते, म्हणून वर्तमानपत्रात वाचलेले कोटींचे आकडे डोळ्यांसमोर ठेवू नयेत. दिवाणीची मुदत फक्त एक वर्ष आहे आणि ती पाहता पाहता निघून जाते. वकिलाची नोटीस आली म्हणजे दावा लागला असं नसतं. मजकूर तपासून, शांतपणे, लेखी उत्तर द्यायचं असतं.

खर्चाचं काय, हा खरा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमाती, मुलं, अपंग व्यक्ती यांनाही. घरकाम करणाऱ्या ज्या बायका मला भेटतात त्यांतल्या बहुतेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. अब्रुनुकसानीच्या प्रकरणात ही मदत मिळते का, हे मात्र मुंबईतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी विचारून घ्यावं. जाण्याआधी एक काम करावं. मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' होण्याच्या आत त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. ज्या फोनवर तो आला तो फोन विकू नये की रीसेट करू नये, मग तो दुसऱ्या कुणाचा असला तरी, कारण २०२३ च्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र त्या फोनच्या आधारे द्यावं लागतं. तो मेसेज ग्रुपवर पाहिलेल्या एखाद्या घरमालकिणीने साक्ष द्यायची तयारी दाखवली तर तिचं नाव आणि पत्ता त्याच दिवशी लिहून घ्यावा.